आठ वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आणि डग्ग्याचा घुमारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातला फ्लॅट, बारा बाय चौदा फुटांची खोली. आधी ट्रान्झिस्टरचा ८० वॅटचा ॲम्प्लिफायर होता. त्याला जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर, प्रत्येकात साडेसहा इंची दोन वूफर (खर्जाचे स्पीकर-कोन), मागे पोर्ट, म्हणजे डब्यातली हवा बाहेर येण्याचं भोक. स्पीकरच्या कागदावर ८७ डेसिबल आणि ६ ओहम लिहिलंय. तीन महिन्यांपूर्वी ३००बी व्हॉल्व्हचा (तापणाऱ्या काचेच्या नळीचा) सिंगल-एंडेड, म्हणजे शेवटचं सगळं काम एकच व्हॉल्व्ह करतो असा ॲम्प्लिफायर आणला, चॅनेलला ८ वॅट. ऐकणं बहुतेक शास्त्रीय, थोडं नाट्यसंगीत. गायकाचा आवाज पूर्वी कधी नव्हता इतका जवळ आला, दोन तंबोरे वेगवेगळे ऐकू यायला लागले. पण डग्गा घुमत राहतो, ठेका सैल पडल्यासारखा वाटतो, आणि द्रुतात आवाज जरा वाढवला की सगळं एकमेकांत कालवलं जातं. विकणाऱ्याने महागडे व्हॉल्व्ह टाकून बघायला सांगितलं, मित्राने स्पीकरची वायर बदलायला. आता काय करावं?

आधी दोन्ही खर्च थांबवा. तुमचा ॲम्प्लिफायर बिघडलेला नाही, स्पीकरही चांगले आहेत. तक्रार दोघांच्या जोडीची आहे. मी तीसेक वर्षं ट्रान्सफॉर्मर गुंडाळतो आणि व्हॉल्व्हचे सेट दुरुस्त करतो. "आवाजात दम नाही" म्हणून जे ॲम्प्लिफायर माझ्या टेबलावर येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना काहीही झालेलं नसतं. चुकीच्या स्पीकरला जोडलेले असतात, एवढंच.

ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरची सवय झाली की आपल्याला वाटतं, ॲम्प्लिफायर आवाज तयार करतो आणि स्पीकर तो फक्त बाहेर टाकतो. व्हॉल्व्हच्या बाबतीत हे खरं नाही, आणि बिनाफीडबॅकच्या (आउटपुटचा थोडा भाग मागे आणून चूक सुधारण्याची सोय नसलेल्या) सिंगल-एंडेडच्या बाबतीत तर मुळीच नाही. तिथे व्हॉल्व्ह, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, वायर आणि वूफरची कॉइल हे सगळं मिळून एकच सर्किट होतं. स्पीकरचा प्रत्येक चढउतार मागे व्हॉल्व्हपर्यंत पोचतो, आणि व्हॉल्व्हचा अंतर्गत रोध (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) पुढे वूफरच्या हालचालीत उतरतो.

हे हाताने अनुभवायचं असेल तर एक प्रयोग करा. ॲम्प्लिफायर बंद करा आणि स्पीकरच्या वायरी स्पीकरच्या बाजूने पूर्ण काढा. पुढची जाळी उतरवून वूफरच्या कोनावर बोटाने अगदी हलकी टिचकी मारा. 'ढुंम्' असा जरा लांबणारा आवाज येईल. आता स्पीकरच्या मागची दोन टर्मिनलं तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडा आणि तशीच टिचकी मारा. आवाज आखडेल, 'टप्' होईल. कोन हलला की त्याची कॉइल चुंबकात वीज तयार करते. त्या विजेला फिरायला वाट मिळाली की तीच कोनाला मागे खेचते. हा वूफरचा ब्रेक. चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा आउटपुट रोध ओहमच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही कमी असतो, म्हणजे तो जवळजवळ त्या तारेच्या तुकड्यासारखा वागतो. तुमच्या ३००बी चा रोध अडीच ओहमच्या आसपास असणार. ब्रेक आहे, पण अर्धाच दाबलेला. तार काढून तेवढ्या रोधाचा रेझिस्टर लावा आणि पुन्हा टिचकी मारा. जो आवाज येईल तोच तुमच्या डग्ग्याचा.

अडीच ओहम कुठून आले? ३००बी चा स्वतःचा अंतर्गत रोध साधारण ७०० ओहम. आउटपुट ट्रान्सफॉर्मर ३००० ओहम आणि ८ ओहम यांची सांगड घालतो, म्हणजे ३७५ ला १ हे प्रमाण (वेटोळ्यांचं प्रमाण त्याच्या वर्गमुळाएवढं, १९ ला १ च्या जरा वर). ७०० भागिले ३७५ म्हणजे १.९ ओहम. त्यात गुंडाळ्यांच्या तांब्याचा रोध मिळवा, सहज २.६ पर्यंत जातं.

आता तुमचा स्पीकर घ्या. कागदावरचे ६ ओहम ही स्पीकरची फक्त ओळख. खरा इंपीडन्स, म्हणजे बदलत्या विजेला स्पीकरकडून होणारा अडथळा, प्रत्येक सुरासाठी वेगळा असतो. दोन वूफर समांतर जोडलेल्या अशा डब्यात तो काही ठिकाणी ४ ओहमपर्यंत उतरतो, तर पोर्टच्या डब्यात खर्जाकडे दोन उंचवटे असतात, तिथे तो २४ ओहमपर्यंत सहज चढतो. ४ ओहमच्या जागी २.६ ओहम मालिकेत आले की स्पीकरच्या वाट्याला व्होल्टेजचा ६१ टक्के भाग येतो, २४ ओहमच्या जागी ९० टक्के. हा फरक साडेतीन डेसिबलचा आहे. म्हणजे तुमच्या ॲम्प्लिफायरने तुम्हाला न विचारता, उंचवट्याच्या जागी टोन कंट्रोल साडेतीन डेसिबल वर फिरवून ठेवलाय. याच स्पीकरला दशांश ओहमचा ट्रान्झिस्टर जोडला असता तर फरक ०.२ डेसिबलपेक्षा कमी राहिला असता.

पोर्टच्या डब्याचा वरचा उंचवटा अनेकदा ६० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यात येतो. डग्ग्याचा घुमारा साधारण याच टापूत असतो. वादक मनगट दाबत 'घे' वर चढवतो तेव्हा सूर त्या उंचवट्यावरून सरकत जातो, म्हणून घुमारा एका जागी फुगतो आणि दुसऱ्या जागी बसतो. वर ब्रेक अर्धा, त्यामुळे घुमारा वेळेवर थांबतही नाही. ठेका सैल वाटतो तो यामुळे. वादकाने लय सोडलेली नाही.

गायकाचा आवाज जवळ आला, त्यालाही बऱ्याचदा हेच कारण असतं. वूफर आणि ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) जिथे एकमेकांना भेटतात, त्या एक-दोन हजार हर्ट्झच्या आसपास क्रॉसओव्हरमुळे (दोघांत सूर वाटून देणाऱ्या सर्किटमुळे) इंपीडन्सचा आणखी एक उंचवटा असतो. तिथेही ॲम्प्लिफायर आवाज जरा वर उचलतो आणि गळा पुढे येतो. हे कानाला गोड लागतं, त्यात गैर काही नाही. पण सगळा गोडवा व्हॉल्व्हचाच आहे असं समजून ५० हजारांची नवी जोडी घ्यायला जाऊ नका. व्हॉल्व्ह बदलल्याने इंपीडन्सचा आलेख बदलत नाही.

वायरचंही एका ओळीत उरकतं. अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पाच मीटर लांब घेतली, तर जाऊन-येऊन रोध ०.०७ ओहम. जिथे ॲम्प्लिफायरचे स्वतःचेच २.६ ओहम बसलेत, तिथे या ०.०७ ने काय फरक पडणार?

दुसरी तक्रार, आवाज वाढवला की कालवाकालव होते. इथे डेसिबलचा हिशेब करावा लागेल, आणि त्यात एक फसगत लपलेली आहे. कागदावरचे ८७ डेसिबल ही स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर एका मीटरवर मिळणारा आवाज. बरेच उत्पादक ती २.८३ व्होल्टला देतात. ८ ओहममध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट. पण ४ ओहममध्ये तेच २ वॅट होतात. तुमचा स्पीकर जिथे ४ ओहमला उतरतो, तिथे त्याचे ८७ डेसिबल २ वॅट खाऊन आलेले आहेत. सगळीकडे तो तेवढा उतरत नाही, म्हणून एका वॅटला ८५ धरून चालू.

एका मीटरवर, १ वॅटला ८५. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, म्हणजे ८ वॅटला ९४. स्पीकर दोन आहेत, आणखी ३ धरा, ९७. तुम्ही अडीच-तीन मीटरवर बसणार. मोकळ्या मैदानात ८-९ डेसिबल गेले असते, खोलीत भिंती मदत करतात म्हणून ५ गेले असं समजू. उरले ९२. ही शेवटची मर्यादा, याच्या पुढे आवाज स्वच्छ राहत नाही. घरी मन लावून ऐकताना सरासरी ७५ च्या आसपास असते. पण तबल्याचा 'ना' किंवा 'धा' क्षणभर सरासरीच्या पंधरा-वीस डेसिबल वर उडी मारतो. विलंबितात तुम्ही कसेबसे मर्यादेत राहता, आणि द्रुतात रंगून आवाज ३ डेसिबल वाढवला की प्रत्येक समेवर ॲम्प्लिफायर छताला टेकतो.

व्हॉल्व्ह छताला टेकला की ट्रान्झिस्टरसारखा कर्कश होत नाही. शिखरं गोलाकार दाबली जातात, कानाला टोचत नाही, फक्त वाद्यं एकमेकांत मिसळायला लागतात. 'व्हॉल्व्हचा एक वॅट म्हणजे ट्रान्झिस्टरचे चार' ही म्हण यातूनच आली असावी. वॅट तो वॅटच. व्हॉल्व्ह मर्यादेच्या पुढे गेलेला आपल्याला उशिरा कळतो, एवढाच फरक. तुम्ही जिला कालवाकालव म्हणता ती हीच.

मग लोक ३००बी चं एवढं कौतुक का करतात? कारण तो ज्या जगासाठी बनला त्या जगातले स्पीकर वेगळे होते. वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीने तो १९३८ च्या सुमारास काढला, आणि त्या काळच्या सिनेमागृहांतले ॲम्प्लिफायर याच घराण्याच्या व्हॉल्व्हवर चालत. आठ-दहा वॅटमध्ये छोटं थिएटर भरायचं, कारण पडद्यामागे माणसाच्या उंचीचे हॉर्न (भोंग्याच्या आकाराचे स्पीकर) असायचे, एका वॅटला १०० डेसिबल किंवा त्याहून जास्त देणारे. वॅट तेव्हा महाग होता आणि जागा स्वस्त. अमेरिकेत पॉल क्लिप्शने १९४६ मध्ये कोपऱ्यात बसणारा क्लिप्शहॉर्न विकायला सुरुवात केली, तो घरासाठीच होता, पण आजही कपाटाएवढी जागा मागतो. पुढे १९५४ मध्ये एडगर विलचर यांनी हवाबंद छोट्या डब्यातून खोल खर्ज काढून दाखवला. त्यासाठी संवेदनशीलता सोडावी लागली, म्हणजे वॅट जास्त लागू लागले. साठ-सत्तरच्या दशकांत ट्रान्झिस्टरने वॅट स्वस्त केला आणि सगळे त्याच वाटेने गेले. छोटा डबा, खोल खर्ज आणि जास्त संवेदनशीलता या तिन्हींपैकी दोनच मिळतात, तिसरी सोडावी लागते. तुमच्या स्पीकरने (हॉर्नच्या मानाने त्याचा डबाही छोटाच) पहिल्या दोन घेतल्या. ३००बी ला नेमकी तिसरी हवी आहे.

१०० डेसिबलचा हॉर्न आणि तुमचे ८५ यांत १५ डेसिबलचं अंतर आहे, म्हणजे वॅटमध्ये ३२ पट. तो हॉर्न ८ वॅटमध्ये जेवढा आवाज देईल, तेवढा काढायला तुमच्या स्पीकरला अडीचशे वॅट लागतील.

पण नुसता डेसिबलचा आकडा बघून निवड करू नका, कारण उलटी उदाहरणंही आहेत. बीबीसीने बाहेरच्या प्रसारणासाठी सत्तरच्या दशकात एलएस३/५ए नावाचा छोटा मॉनिटर (आवाज तपासायचा स्पीकर) घडवला. संवेदनशीलता ८२-८३ डेसिबल, म्हणजे तुमच्याहून कमी. तरी व्हॉल्व्हवर तो अतिशय समाधानाने वाजतो. का? सुरुवातीचा १५ ओहमचा, नंतरचा ११ ओहमचा. डबा बंद, म्हणजे खर्जात एकच उंचवटा. एवढ्या चढ्या ओहमला २-३ ओहमच्या अंतर्गत रोधाचा उपद्रव फार कमी होतो. छोटी खोली, बेताचा आवाज आणि पंधरा-वीस वॅटचा पुश-पुल (व्हॉल्व्हची जोडी आळीपाळीने काम करते असा ॲम्प्लिफायर) असेल तर शास्त्रीय गायनासाठी यासारखं सुख नाही. उलट टोकाला क्वाड या ब्रिटिश कंपनीचा १९५७ चा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर, कोनाऐवजी ताणलेल्या पातळ पडद्याचा. त्याचा इंपीडन्स खर्जात खूप चढा आणि अगदी वरच्या पट्टीत २ ओहमच्या जवळ. पण क्वाडने त्याच्या आधी, १९५३ मध्ये काढलेला १५ वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर त्याच्याबरोबर सुंदर चालायचा, कारण त्यात फीडबॅक होता आणि आउटपुट रोध कमी होता. दोन्ही एकाच घरातले, एकमेकांना ओळखणारे. त्याच स्पीकरला बिनाफीडबॅकचा ३००बी जोडा, वरची पट्टी मान टाकेल.

तेव्हा स्पीकर घेताना मी तीन गोष्टी विचारतो, याच क्रमाने: इंपीडन्स कमीत कमी कुठे उतरतो, त्याचे उंचवटे केवढे आणि कुठे आहेत, आणि मग डेसिबल किती. दुकानात बहुतेकांना तिसऱ्याचंच उत्तर माहीत असतं.

पहिल्या दोघांचं उत्तर घरी मोजता येतं. मल्टिमीटरच्या ओहमच्या पट्टीवर स्पीकर मोजू नका, ती फक्त कॉइलच्या तांब्याचा डीसी रोध दाखवते, ८ ओहमचा स्पीकर ६ च्या आसपास दाखवेल. त्याऐवजी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून १० ओहम, १० वॅटचे दोन रेझिस्टर आणा, पांढऱ्या सिमेंटचे असतात ते. तुमचा जुना ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर घ्या (या कामाला व्हॉल्व्ह नको), त्याच्या आउटपुटला एक रेझिस्टर आणि स्पीकर मालिकेत जोडा. फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट ॲप उतरवा. आवाज बेताचा ठेवून २० हर्ट्झपासून वर जात एकेका सुराला दोन व्होल्टेज मोजा, एक स्पीकरवरचं आणि एक रेझिस्टरवरचं. स्पीकरचं भागिले रेझिस्टरचं, गुणिले १०, म्हणजे त्या सुराला स्पीकरचा इंपीडन्स. आवाज मध्ये थोडा कमीजास्त झाला तरी चालतो, कारण दोन्हीतून वीज एकच वाहते. खर्जात पाच-पाच हर्ट्झने जा, उंचवटे तिथेच असतात. फक्त मीटर बघून घ्या. स्वस्तातल्या पिवळ्या मीटरची एसीची सर्वांत लहान पट्टी २०० व्होल्टची असते, तिच्यावर काही दिसणार नाही, २ व्होल्टची पट्टी हवी. आणि साधे मीटर चारशे-पाचशे हर्ट्झच्या वर खरं सांगतीलच असं नाही. क्रॉसओव्हरचा उंचवटा बघायचा असेल तर साउंडकार्ड आणि आरईडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर वापरा.

ॲम्प्लिफायरचा आउटपुट रोधही असाच कळतो. व्हॉल्व्हच्या आउटपुटला ते दोन्ही १० ओहमचे रेझिस्टर मालिकेत जोडा, म्हणजे २० ओहम झाले. ४०० हर्ट्झचा सूर लावून व्होल्टेज मोजा. मग एका रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना मगरचिमटा लावून तो बाद करा, म्हणजे १० ओहम उरले, आणि आवाजाच्या बटणाला हात न लावता पुन्हा मोजा. समजा आधी २.६५ व्होल्ट आले आणि नंतर २.३८. वीज आधी ०.१३३ अँपिअर होती, आता ०.२३८ झाली. व्होल्टेज ०.२७ ने पडलं, वीज ०.१०५ ने वाढली, भागाकार २.६ ओहम. रेझिस्टर काढण्याऐवजी चिमट्याने बाद करायला का सांगतोय, ते पुढच्या गोष्टीत आहे.

एका घरी दिवाळीच्या साफसफाईत स्पीकरची वायर निघाली. घरच्यांना कळलं नाही. ॲम्प्लिफायर लावला, आवाज येईना म्हणून बटण वर वर फिरवलं, आणि आतून निळसर ठिणगीसह चटचट आवाज आला. माझ्याकडे आला तेव्हा ईएल३४ व्हॉल्व्हच्या सॉकेटवर, तीन नंबरच्या आणि दोन नंबरच्या पिनांच्या मध्ये, काळी बारीक रेघ उमटलेली होती, पेन्सिलने ओढल्यासारखी. तीन नंबर म्हणजे प्लेट, दोन नंबर हीटर. लोड, म्हणजे जोडलेला स्पीकर, नसला की ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक गुंडाळीत व्होल्टेज कितीतरी पट उसळतं आणि मिळेल तिथून वाट काढतं. ती जळलेली रेघ नुसती पुसून चालत नाही, कोळसा वीज वाहतो, म्हणून सॉकेटच बदलावा लागतो. त्या वेळी ट्रान्सफॉर्मर वाचला, नेहमी वाचतोच असं नाही. ट्रान्झिस्टरला शॉर्टची भीती, व्हॉल्व्हला उघड्या तारेची. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर चालू करू नका, चालू असताना वायरी हलवू नका.

आता तुमच्या घरात काय करायचं ते सांगतो. यातलं काहीही करायला ॲम्प्लिफायर उघडावा लागत नाही, आणि उघडूही नका. आत चारशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि बंद केल्यावरही कॅपॅसिटर तो धरून ठेवू शकतात.

पहिलं काम बिनपैशाचं. ॲम्प्लिफायरच्या मागे कॉमनशेजारी ४ आणि ८ असे दोन टॅप (स्पीकरची वायर लावायच्या जागा) असतील. तुम्ही ६ ओहमचा स्पीकर म्हणून बहुधा ८ वर लावलाय. बंद करून ४ वर लावा. ४ च्या टॅपवर आउटपुट रोध जवळपास निम्मा होतो, २.६ चे १.३. मघाचा साडेतीन डेसिबलचा फरक त्याने २ वर येतो. शिवाय स्पीकर ४ ओहमला उतरतो तेव्हा ८ च्या टॅपवर व्हॉल्व्हला ३००० ऐवजी १५०० ओहमचं ओझं दिसत होतं, त्याने विकृती वाढते. तेही सुटेल. 'स्पीकरच्या ओहमएवढा टॅप' हा नियम लोकांच्या डोक्यात इतका घट्ट बसलाय की कुणी दुसरा लावूनच बघत नाही. ८ ओहमचा स्पीकर ४ वर लावल्याने काही बिघडत नाही, वॅट थोडे कमी होतात, पकड वाढते. मी माझ्या घरी असाच ऐकतो.

दुसरं, स्पीकरच्या मागच्या पोर्टमध्ये फोमचा तुकडा किंवा गुंडाळलेला जाडसर पायमोजा बसवा, घट्ट पण मागे ओढता येईल असा. डबा जवळजवळ बंद होतो, दोन उंचवट्यांचा एक होतो. अगदी खालचा खर्ज थोडा जाईल. शास्त्रीय गायनात तिथे फारसं काही नसतं, डग्ग्याचा घुमारा मात्र आखूड आणि नेमका होईल. त्याचबरोबर स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा. हे दोन्ही केल्यावर आठवडाभर काही न बदलता ऐका, कानाला वेळ द्या.

इतकं करूनही द्रुतातली कालवाकालव राहील, कारण वॅटचा हिशेब बदलला नाही. तिथे निवड करावी लागेल, आणि माझं मत स्पष्ट आहे. गायकाचा जो जवळिकीचा आवाज तुम्हाला सापडलाय तो सोडवत नसेल, तर ॲम्प्लिफायर ठेवा आणि स्पीकर बदला. ९३ ते ९५ डेसिबल, कमीत कमी ६ ओहमच्या खाली न उतरणारा, साधा क्रॉसओव्हर, एकच वूफर असलेला. डबा मोठा असेल, त्याची तयारी ठेवा. १५ इंचीपर्यंत जायची या खोलीत गरज नाही. जुन्या टॉकीजमधून निघालेले हॉर्न कुणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका, ते लांबवर फेकण्यासाठी बनलेत, अडीच मीटरवर बसून ऐकले तर कानावर येतात.

पण घरात बाकीची माणसंही ऐकतात, मोठ्या वाद्यवृंदाची चित्रपटगीतं लागतात, स्पीकर सगळ्यांना आवडलेत, असं असेल तर ३००बी विका आणि ईएल३४ चा पुश-पुल घ्या, चॅनेलला ३०-३५ वॅट. त्यात थोडा फीडबॅक असतो. फीडबॅक म्हणजे व्हॉल्व्हचा आत्मा मारणं, असं हल्ली बरेच जण सांगतात, मला ते पटत नाही. विल्यमसन या ब्रिटिश इंजिनिअरने १९४७ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात १५ वॅटच्या ॲम्प्लिफायरचं जे डिझाइन छापलं, त्यात २० डेसिबल फीडबॅक होता, आणि जगभरच्या लोकांनी तो घरी बसून बांधला. चांगला ट्रान्सफॉर्मर असेल तर फीडबॅक आवाज मारत नाही. अशा ॲम्प्लिफायरचा आउटपुट रोध ओहमच्या आत राहतो. ०.८ धरला तर तुमच्या याच स्पीकरवर फरक साडेतीनऐवजी १.३ डेसिबल उरतो, आणि ४ च्या टॅपवर त्याहूनही कमी. ८ वरून ३२ वॅट झाले म्हणजे ६ डेसिबल मोकळी जागा मिळाली. समेला धक्का लागणार नाही.

ॲम्प्लिफायर कुणा नातेवाइकाने अमेरिकेतून आणलेला असेल तर एक गोष्ट तपासा. ११७ व्होल्टचा सेट स्टेपडाउन लावून इथे चालतो, पण तिथे ६० हर्ट्झ आणि इथे ५०. काही ट्रान्सफॉर्मर ५० वर तापतात आणि गुरगुरतात. तासाभराने वरचं झाकण हाताला सोसवत नसेल तर एखाद्या जाणकाराला दाखवा. इथला असला तरी घरातलं व्होल्टेज एकदा रात्री उशिरा मोजा. २३० च्या जागी २५० येत असेल तर ६.३ व्होल्टचे हीटर ६.८५ वर जळतात, इतर व्हॉल्व्हचंही त्याच प्रमाणात, आणि आयुष्य कमी होतं. तिथे स्टॅबिलायझर घ्या. व्हॉल्व्हवर खर्च करायचाच असेल तर हा पहिला.

टॅप बदलून आणि पोर्ट बंद करून आठवडाभर ऐकल्यावर मला तीन आकडे कळवा: स्पीकरचा सर्वांत कमी इंपीडन्स आणि तो किती हर्ट्झला आला, खर्जातला सर्वांत मोठा उंचवटा, आणि ४ च्या टॅपवरचा आउटपुट रोध. स्पीकर बदलायचा की ॲम्प्लिफायर, हे मग अंदाजाने सांगावं लागणार नाही.